शेजारचं देऊळ

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी पांचाळेश्वर आहे. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. पार पंजाबातून माणसं इथे दर्शनाला येतात, नदीत स्नान करतात, विडा-अवसराचा विधी करतात. तरीही आपल्या भाषेत या पंथाच्या वाट्याला आली ती ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण. ती पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली. बोलणाऱ्यांपैकी किती जण महानुभावांच्या मठात जाऊन बसले असतील? पंथानेही आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लपवून ठेवले, आणि बाहेरच्यांचा संशय आणखी घट्ट झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती त्या लिप्यांची किल्ली आली. तेव्हा कुठे कळलं, की ज्यांच्याकडे आपण पाठ फिरवली होती, त्यांनीच मराठी गद्याचा पहिला मोठा ठेवा, ‘लीळाचरित्र’, सांभाळून ठेवला होता.

हा इतिहास ज्या तालुक्याच्या मातीत आहे, तिथे आणखी एका शेजाऱ्याबद्दल तसंच बोललं जातं. गेवराईत ख्रिस्ती माणसाचा विषय काढा, चहा संपायच्या आत सगळी उत्तरं मिळतात. पैसे घेऊन बाटलेले. इंग्रजांचा धर्म. काहीही खातात. आपले सण, आपले देव सोडलेले. सांगणारा मनाने वाईट नसतो, अडीनडीला धावून येणारा असतो. पण उपासना कधी पाहिली आहे का, असं विचारलं की मान नकारार्थी हलते. हा लेख त्या नकारापासून पुढे जाण्यासाठी आहे.

आधी ‘इंग्रजांचा धर्म’ घेऊ.

शहागडचा पूल ओलांडला, अंबड मागे टाकलं की जालना. मराठवाड्यातल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाची मुळं शोधत गेलं, तर वाट या गावात जाते आणि तिथे भेटतो तो इंग्रज नसतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मुंबईतले ब्राह्मण. १८४३ साली, ऐन तारुण्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा बारा वर्षांचा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला, वडील कोर्टात गेले आणि मुलगा परत मिळाला. बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांच्या घरी जेवण झालेलं होतं. आता याला जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबईत रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन त्याला घ्या म्हणाले, आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सारा वाद पोराने कोणाच्या घरचं अन्न खाल्लं यावर चालला होता. येशू कोण, तो काय सांगतो, हे कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तीच कामाला येणार आहे.

नारायण शेषाद्री १८६० नंतरच्या दशकात जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात, फौजेची छावणी असलेलं गाव. त्यांनी हिंडून काम केलं ते खेड्यांत, आणि त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने गावकुसाबाहेरचे, मांग आणि महार वस्त्यांमधले लोक. दिवाण सालारजंगांच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. कसायला जमीन, पोरांना शाळा, प्रार्थनेला देऊळ. १८७३ मध्ये हेच नारायणराव न्यू यॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती प्रतिनिधींच्या परिषदेत बोलले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पैसा आणि माणसं त्यांच्या मागे होती, हे खरंच. पण निजामी मराठवाड्यातल्या मांगवाड्यात येऊन बसणारा, मराठीत बोलणारा माणूस इथलाच होता.

आता ‘पैसे घेऊन बाटलेले’. हा आरोप झटकून टाकता येत नाही. १८७६ ते ७८ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन मोठे दुष्काळ दख्खनवर येऊन गेले, मिशनांनी अन्न दिलं, कामं काढली, अनाथ पोरं उचलली, आणि त्या काळात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेत भाकरीचा वाटा किती, हे खुद्द मिशनऱ्यांनाही टोचत असे. काही जण सुगी आल्यावर परत गेले. तरी माझ्या मनातून एक प्रश्न जात नाही. दुष्काळात ज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्याला कोणी पाणी दिलं आणि तो त्या देणाऱ्याच्या देवाकडे वळला, तर आपण त्याला लालची म्हणतो. ज्यांनी त्याला विहिरीवरून हाकललं त्यांना मात्र आपण काहीच म्हणत नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही. शिवाय सव्वाशे वर्षांनंतर त्या भाकरीचा काय संबंध उरला? पणजोबाने खाल्लेल्या सातूच्या पेजेसाठी कोणी दर रविवारी देवळात जाऊन बसत नाही.

उलट, आज ख्रिस्ती म्हणवून घेण्यात नुकसानच आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो नाही. कागदावर धर्म लिहिला की पोराची सवलत जाते, राखीव जागेवर निवडणूक लढवता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्येचा सुमारे एक टक्का हा २०११ च्या जनगणनेचा आकडा मराठवाड्यातल्या खेड्यांबद्दल फारसं सांगत नाही. कागद वेगळं बोलतो आणि घरातली प्रार्थना वेगळं. या दुहेरी जगण्याला काही जण लबाडी म्हणतात. लेकराची शिष्यवृत्ती आणि स्वतःची श्रद्धा यांत निवड करायला लावणारी व्यवस्था त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. मराठवाड्यात ख्रिस्ती माणसाबद्दल जो पूर्वग्रह आहे, त्याचा येशूशी संबंध फार थोडा आहे. येशूबद्दल वाईट बोलणारा माणूस मला गेवराईत भेटलेला नाही. नाताळची सुट्टी सगळ्यांना हवी, घरातल्या पोरांना मिशनच्या इंग्रजी शाळेत प्रवेशही हवा. अडतं ते तो ख्रिस्ती माणूस आधी कोण होता, तिथे. ‘बाटगा’ या शिवीत नव्या धर्मापेक्षा जुनी जात जास्त आहे. म्हणूनच वादविवादाने, धर्मांची तुलना करून हा पूर्वग्रह जात नाही. तो जायचा असेल तर श्रीपाद शेषाद्रीची अडचण जिथे होती, तिथूनच जातो. पाण्यातून आणि पंगतीतून.

याची सगळ्यात मोठी साक्षीदार आपल्याच भाषेत आहे आणि तिने सगळं लिहून ठेवलंय.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना त्यांच्या वडिलांचं सोवळं विसरता येणार नाही. सत्तावनच्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली, त्याचा धसका घेऊन या गृहस्थांना विटाळाचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठ-साखरसुद्धा. त्या घरात वाढलेली ही मुलगी अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक नावाच्या चंचल, हुशार, लहरी कवीची बायको झाली.

टिळकांचंही मिशनऱ्यांबद्दल मत चांगलं नव्हतं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्याबद्दल आदराने गप्पा मारल्या, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन लागलं आणि ते तिथे थांबले. तो सहप्रवासी पुन्हा कधी भेटला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या पदरात काय पडलं? नोकरी गेली, आप्त तुटले, बायको आणि चार वर्षांचंही नसलेलं पोर दुरावलं. पैशासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. पण मला थांबायचंय ते लक्ष्मीबाईंपाशी. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्यांनी माहेरच्या माणसांत, पंढरपुरात विठोबाच्या सावलीत काढली. मग त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं तसंच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती शेजाऱ्याने शिवलेलं चालत नाही, आणि नवरा तर ख्रिस्तीच. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधे घडा.

मग एका रात्री काय घडलं, ते त्यांनी लिहिलंय. झोप येत नव्हती, मनात प्रश्न आला की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत दिसतो तसा फरक माणसांच्या देहात दिसला असता. जन्म सारखा, मरण सारखं, अवयव सारखे, भूक सारखी. मग हे माणसाचंच काम. उजाडताच त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, की आजपासून मी कोणाच्याही हातचं खाईन-पिईन. टिळक चकित झाले.

लक्ष्मीबाई त्या सकाळी ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. येशूचं देवत्व, पाप, तारण, यातलं काहीच त्यांनी तोवर स्वीकारलं नव्हतं. आधी पाण्याचा घडा एक झाला. मग त्या माणसांत मोकळेपणी बसल्या, ऐकू लागल्या, वाचू लागल्या, आणि श्रद्धा नंतर आली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. वडील मीठ धुवून घेत होते, मुलगी पुढे नगरला प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करत होती, कोणाला नकोशी झालेली पोर घरात वाढवत होती. अनुभव म्हणतात तो हा. कोणीतरी पटवून दिलेलं मत नव्हे.

जवळ गेलं की धर्म बदलावाच लागतो, ही भीतीही त्याच घराने खोटी ठरवली. बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले, त्या घरात पोरासारखे वावरले, आणि ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांच्या प्रेमात त्याने काही उणं आलं नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि त्यातून जे उचलायचं ते उचलून आपली वाट वेगळी काढली. बाहेरून भीती वाटते तितकं ते अंगण चिकट नाही.

आणि अंगणातही सगळं आलबेल नव्हतं. पूर्वग्रह दोन्ही बाजूंना होता. गोऱ्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना इथलं सगळंच अंधारातलं वाटे. धोतर, टाळ, कीर्तन, अभंग म्हणजे मागे टाकायच्या गोष्टी. त्याविरुद्ध आवाज उठला तो इथल्याच ख्रिस्ती माणसांकडून. नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टिळकांनी शेकडो भजनं लिहिली, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त चालणार होते. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्याआधी पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तोही मान तुकवून नाही. चर्चची शिकवण आंधळेपणाने मान्य करणार नाही, म्हणून त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याने भांडल्या. ख्रिस्ती होणं म्हणजे इंग्रजांची री ओढणं, असं मानणाऱ्याने ही पत्रं अवश्य वाचावीत.

एक खंतही लिहिली पाहिजे. जात चर्चच्या दारात चपलांसारखी काढून ठेवली गेली नाही. लग्न जुळवताना पूर्वीचं आडनाव, पूर्वीचा वाडा विचारणारी ख्रिस्ती घरं आजही आहेत. आणि अलीकडे मंडप टाकून आजार बरे करण्याच्या सभा होतात. त्यांत औषध बंद करा असं कोणी सांगत असेल, तर त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे. जालन्यात मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं ते प्रार्थना आणि औषध यांत वैर न मानणाऱ्यांच्या हातून.

गेवराई तालुक्यातल्या एका वस्तीवर, पावसाळा ओसरता ओसरता, एका रविवारी मी उपासनेला गेलो. सिमेंटच्या भिंती, वर पत्रे, खाली सतरंजी. चपला दाराबाहेर. बायका एका बाजूला, डोईवर पदर, पुरुष दुसऱ्या बाजूला. समोर लाकडी टेबल, त्यावर पांढरं कापड आणि कडा फाटलेलं पवित्र शास्त्र. वाद्यं म्हणाल तर ढोलकी, झांज आणि एक खंजिरी. ‘उपासना संगीत’ पुस्तकातलं टिळकांचं भजन सुरू झालं आणि माझे हात आपोआप टाळ्या देऊ लागले. चाल हरिपाठाच्या वळणाची. शेजारच्या म्हाताऱ्याने पुस्तक उघडलंच नाही, त्याला सगळं पाठ होतं.

मग साक्ष. एकेकाने उठून आठवड्यात देवाने काय केलं ते सांगायचं. मोठ्या चमत्काराचं कोणी बोललं नाही. एका बाईने सांगितलं, म्हैस व्याली, दोघंही नीट आहेत. एका तरुणाने दारू सोडल्याला किती महिने झाले ते सांगितलं, आणि त्याच्या बायकोने मान खाली घातली. एकाने कापसाच्या नुकसानीचं सांगितलं आणि उपकार मानायचे कशाचे ते कळत नाही, असंही स्पष्ट म्हटलं. त्याला कोणी गप्प केलं नाही. पाळकांनी त्याचं नाव घेऊन त्याच्या शेतासाठी, मग ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेल्या साऱ्यांसाठी प्रार्थना केली. उचल फिटू दे, टोळीतल्या बाळंतिणींना सांभाळ, कोयत्याने हात तुटू देऊ नकोस. ऊसतोडीच्या या तालुक्यात मी कुठल्याही देवळात उचलीसाठी झालेली प्रार्थना ऐकली नव्हती.

प्रवचन साधं होतं, थोडं लांबलं. विषय शोमरोनी बाईचा, योहानाच्या चौथ्या अध्यायातला. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्यातलं पीत नसत. येशू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि त्या परक्या, नाव ठेवलेल्या बाईकडे पाणी मागतो. ती दचकते, तुम्ही माझ्याकडे कसं मागता, विचारते. पाळकांनी हे सांगताना जातीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. समोर बसलेल्यांत आपल्या आजोबांना विहिरीवर थांबावं लागल्याचं ऐकलेली माणसं होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या विहिरीवर त्यांच्यासाठी परकं काहीच नव्हतं. हा प्रसंग मी पूर्वीही वाचला होता. त्या सतरंजीवर बसून ऐकताना मला पहिल्यांदा समजलं, की हा धर्म या माणसांच्या पोटात का शिरला.

उपासना संपल्यावर भात आणि आमटी झाली. मी पंगतीला बसलो. वाढणाऱ्या बाईने आधी विचारलं, “तुम्हाला आमच्यातलं चालतं का?” प्रश्नात टोमणा नव्हता, सवय होती. चालतं म्हटल्यावर तिने पानात सढळ हाताने वाढलं आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

जेवणानंतर तिच्याशी बोलणं झालं. सासू जालन्याकडची, तिच्याकडून श्रद्धा घरात आली. नवरा आधी येत नसे. तो दवाखान्यात होता तेव्हा मंडळीतले लोक पाळीपाळीने रात्री उशाशी बसले, त्यानंतर तो यायला लागला. कागदावर आम्ही हिंदूच, हेही तिने न लपवता सांगितलं, नातीच्या कॉलेजचं काय ते मला समजावून दिलं. गावच्या यात्रेला वर्गणी देतो, लग्नात हळद लावतो, नाताळला पुरण घालतो, आणि दर्ग्यापासून मारुतीपर्यंत कोणाला नावं ठेवत नाही, असं ती म्हणाली.

नाताळ यंदा कुठे, असं मी विचारलं. दिवाळी झाली की टोळ्या निघणार, तिची दोन्ही मुलं आणि सुना कारखान्याच्या फडावर असणार. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, मुकादम सुट्टी देत नाही. मग कोपीसमोर रात्री सगळे जमतात, मोबाईलवर पाळकांना लावतात, आणि टोळीतली बाकीची कुटुंबंही शेकोटीला येऊन बसतात. त्यांच्यात ख्रिस्ती कोणी नसतं. गेल्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाने ढोलकी वाजवली, कारण तिच्या पोरांना वाजवता येत नाही.